ट्रकसाठी हिवाळी टायरची निवड

हिवाळी टायर पहिल्यांदा तयार झाला तो ट्रकसाठी. १९३४ मध्ये फिनलंडमधल्या नोकिया गावच्या रबर कारखान्याने ‘केलिरेंगास’, म्हणजे ‘हवामानाचा टायर’, बाजारात आणला. हिवाळ्यात तिथले बरेच रस्ते महिनोन्‌महिने हिमाखाली असत. ट्रक रुतला की माल वाटेतच अडून पडे. कारखान्याने टायरच्या पृष्ठभागावर आडव्या, खोल पट्ट्या काढल्या. वल्ह्याने पाणी मागे सारावे तसे या पट्ट्या हिम मागे रेटत आणि गाडी पुढे सरके. मोटारींसाठीचा हिवाळी टायर याच कारखान्याने दोन वर्षांनी, १९३६ मध्ये काढला. आज कॅनडा, अमेरिकेची उत्तरेकडची राज्ये, स्कँडिनेव्हिया, आल्प्सचा प्रदेश आणि जपानचा उत्तर भाग इथे हिवाळी टायर ही ट्रकमालकाची दरवर्षीची खरेदी आहे. ती नीट व्हायची असेल तर रस्ता, रबर, नक्षी आणि भार या चार गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात.

हिम आणि बर्फ

मराठीत आकाशातून भुरभुरणाऱ्या कणांनाही बर्फ म्हणतात आणि गोठलेल्या पाण्यालाही. टायरच्या दृष्टीने मात्र हे दोन वेगळे पृष्ठभाग आहेत. या प्रकरणात पहिल्याला हिम आणि दुसऱ्याला बर्फ म्हटले आहे. हिम दाबले जाते, कापले जाते, खाचेत भरले जाते; त्याला धरता येते. बर्फ गुळगुळीत आणि कठीण असतो. त्यात टायरची नक्षी रुतत नाही. त्यावरची पकड रबराच्या मऊपणावर आणि धारदार कडांवर अवलंबून असते.

पकड मोजण्याचे माप म्हणजे घर्षणांक. कोरड्या डांबरावर तो ०.७ च्या आसपास असतो, दाबून घट्ट झालेल्या हिमावर ०.२ ते ०.३ आणि बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून ०.७ घर्षणांकावर सुमारे १४ मीटरमध्ये थांबते. ०.२५ वर तिला ३९ मीटर लागतात आणि ०.१ वर ९८ मीटर. यात चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत कापलेले अंतर धरलेले नाही. बर्फावर घर्षणांक ०.०८ वरून ०.१२ झाला तर आकड्यांत फरक किरकोळ दिसतो, पण थांबण्याचे अंतर १२३ मीटरवरून ८२ मीटरवर येते. चांगल्या टायरसाठी मोजलेल्या पैशांचा मोबदला या ४१ मीटरमध्ये असतो.

बर्फ इतका निसरडा का, याचा शोध जुना आहे. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो, असे मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्ये मांडले. १९३९ मध्ये बाउडेन आणि ह्यूज यांनी स्वित्झर्लंडमधल्या उंच पहाडात केलेल्या प्रयोगांतून दाखवले, की घसरण्याच्या उष्णतेनेही बर्फ वितळतो आणि तेच पाणी वंगणाचे काम करते. म्हणून शून्य अंशाच्या जवळचा ओलसर बर्फ सर्वांत घातक असतो. उणे २० अंशांना तोच बर्फ कोरडा आणि तुलनेने खरखरीत होतो. थंडी जितकी कडक तितका रस्ता निसरडा, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो. दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठणारा रस्ता उणे २५ अंशांच्या स्थिर थंडीतल्या रस्त्यापेक्षा जास्त घसरवतो.

थंडीत रबराचे काय होते

रबर पकडते कारण ते मऊ असते. रस्त्याच्या बारीकसारीक उंचवट्यांवर ते बसते आणि त्यांना धरून राहते. तापमान उतरले की रबराच्या लांब साखळ्यांसारख्या रेणूंची हालचाल मंदावते, रबर ताठर होते आणि अखेरीस काचेसारखे कडक बनते. हा बदल कोणत्या तापमानाला सुरू होईल, हे मिश्रणावर ठरते. उन्हाळी टायरचे मिश्रण तापलेल्या डांबरावर झिजू नये म्हणून कणखर ठेवलेले असते. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली त्याची पकड उतरू लागते. रस्त्यावर हिमाचा कण नसला तरी हे घडते.

हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे ते उणे ३० अंशांतही लवचीक राहते. काही उत्पादक याच्याही पुढे गेले. जपानच्या ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये काढलेल्या ‘ब्लिझॅक’ टायरच्या रबरात सूक्ष्म छिद्रे होती. ही छिद्रे बर्फावरचे पाणी शोषून घेतात आणि रबर कोरड्या बर्फाला टेकते. अशा टायरमध्ये खास रबर बहुधा वरच्या थरातच असते. तो थर झिजला की खाली नेहमीचे रबर लागते. खाच अजून शिल्लक दिसत असली, तरी बर्फावरची खास पकड तोपर्यंत संपलेली असते. असा टायर घेताना खास थर किती जाड आहे, हे विचारून घ्यावे.

मऊ रबराची किंमतही मोजावी लागते. उष्ण, कोरड्या डांबरावर ते भराभर झिजते, तापते, आणि वळणावर गाडी डोलल्यासारखी वाटते. म्हणून वसंत ऋतूत हिवाळी टायर उतरवून ठेवतात.

नक्षी, खाचा आणि चिरा

टायरच्या नक्षीत तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मोठ्या खाचा. हिम या खाचांत दाबले जाते आणि घट्ट वड्या तयार होतात. हिमावर हिम रबरापेक्षा चांगले चिकटते, त्यामुळे खाचेतली वडी रस्त्यावरच्या हिमाला धरते. चाक फिरले की वडी गळून पडावी लागते, नाहीतर खाच भरून टायर गुळगुळीत होतो. बाहेरच्या कडेला उघडणाऱ्या, तिरप्या खाचा हे काम चांगले करतात.

दुसरी गोष्ट, चिरा. रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर पात्याने कापल्यासारख्या बारीक फटी असतात. अमेरिकेत जॉन साइप यांच्या नावे १९२३ मध्ये या कल्पनेचे पेटंट झाले आणि इंग्रजीत या चिरांना त्यांचेच नाव पडले. ठोकळा रस्त्याला टेकला की चिरा किंचित उघडतात आणि प्रत्येक चिरेची कड बर्फाला खरवडते. एका टायरवर अशा हजारो कडा असू शकतात. पण चिरा फार झाल्या तर ठोकळे लुळे पडतात. ट्रकच्या वजनाखाली हा दोष लवकर जाणवतो. म्हणून चांगल्या टायरमध्ये चिरा आतून नागमोडी असतात. जोर आला की त्यांच्या भिंती एकमेकींत अडकतात आणि ठोकळा ताठ राहतो.

तिसरी गोष्ट, रबर आणि रिकाम्या जागेचे प्रमाण. खोल, ताज्या हिमात रिकामी जागा जास्त हवी. बर्फावर उलट हवे: रबराचा जास्तीत जास्त भाग टेकला पाहिजे आणि त्यावर चिराही भरपूर हव्यात. चिखलासाठी बनवलेल्या दांडग्या ठोकळ्यांच्या टायरची इथे अडचण होते. ते दिसायला दणकट असतात, खोल हिमात खेचतातही, पण चिरा नसल्याने बर्फावर लाकडी ठोकळ्यासारखे घसरतात. पिकअप ट्रकचे मालक या दिसण्याला वारंवार फसतात.

टायरवरच्या खुणा

टायरच्या बाजूवर ‘एम प्लस एस’ ही अक्षरे आढळतात. त्यांचा अर्थ चिखल आणि हिम. ही खूण नक्षीच्या रचनेवरून, खाचांचे प्रमाण पाहून दिली जाते. तिच्यासाठी हिमावर चाचणी घ्यावी लागत नाही आणि रबराच्या मिश्रणाचा तिच्याशी संबंध नाही. त्यामुळे कितीतरी साध्या बारमाही टायरवरही ती असते.

दुसरी खूण अधिक विश्वासार्ह आहे: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. अमेरिका आणि कॅनडातल्या रबर उद्योगाने ती १९९९ मध्ये ठरवली. दाबलेल्या हिमावर टायर किती खेचतो, हे एका प्रमाण टायरशी ताडून पाहतात. मूळ नियमानुसार तो किमान १० टक्के सरस ठरावा लागे. मात्र उत्तर अमेरिकेतली ही चाचणी पुढे खेचण्याची आहे. ब्रेक लावणे, वळणे आणि बर्फावरची पकड तिच्यात तपासली जात नाही. त्यामुळे डोंगर-हिमकणाची खूण असलेले दोन टायर बर्फावर एकमेकांपासून फार वेगळे वागू शकतात. ही खूण किमान पात्रता दाखवते. त्यापुढची निवड मिश्रण आणि चिरा पाहूनच करावी लागते.

कायद्यातही ही खूण महत्त्वाची झाली आहे. जर्मनीत १ जानेवारी २०१८ पासून बनलेल्या हिवाळी टायरवर ती बंधनकारक आहे आणि त्याआधीच्या ‘एम प्लस एस’ टायरची सवलत सप्टेंबर २०२४ अखेर संपली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डोंगराळ महामार्गांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात दोन्हींपैकी कोणतीही खूण चालते, पण खाच किमान ३.५ मिलिमीटर हवी. युरोपीय संघाच्या मे २०२१ पासूनच्या टायर लेबलवर बर्फावरच्या पकडीचे वेगळे चिन्हही आले आहे. ते मुख्यतः मोटारींच्या टायरपुरते आहे, त्यामुळे ट्रकमालकाला त्यावर अवलंबून राहता येत नाही.

भार आणि आकार

मोटारीचा टायर निवडताना पकड आधी पाहिली तरी चालते. ट्रकच्या टायरची पहिली चाळणी भाराची असते. पिकअपसाठी ‘एलटी’, म्हणजे हलक्या ट्रकसाठीचे, टायर मिळतात. उदाहरणार्थ, ‘एलटी २६५/७० आर १७ १२१/११८ क्यू’ या खुणेत २६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७० ही रुंदीच्या टक्केवारीत बाजूची उंची आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. १२१ हा भारांक १,४५० किलोंचा, आणि ११८ हा जोडचाकांत बसवल्यास प्रत्येकी १,३२० किलोंचा. क्यू म्हणजे वेगाची मर्यादा ताशी १६० किलोमीटर.

अशा टायरवर ‘सी’, ‘डी’, ‘ई’ अशी भारश्रेणीही असते. ‘ई’ श्रेणीचा टायर सर्वसाधारणपणे ८० पीएसआय हवेवर पूर्ण भार पेलतो. घोडे ओढण्याचा ट्रेलर लावणाऱ्या, हौद्यात मिठाची पोती वाहणाऱ्या किंवा पुढे हिम सारण्याचा फाळ बसवणाऱ्या ट्रकला ही श्रेणी लागते. फाळाचे सगळे वजन पुढच्या आसावर येते, हे ध्यानात ठेवावे. उलट पिकअप घरगुती वापराचा असेल आणि हौदा बहुधा रिकामाच असेल, तर ‘ई’ श्रेणीचा ताठर टायर उगाच हादरे देतो. तिथे कारखान्याने दिलेल्या मापाचा हलका टायर पुरतो. मोटारीच्या वर्गातला टायर पिकअपवर बसवायचा असेल, तर त्याची छापील भारक्षमता १.१ ने भागून धरतात. गाडीला किती भारक्षमता हवी, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. त्याहून कमी भारांकाचा टायर, त्याची पकड कितीही चांगली असली तरी, बाद समजावा.

रुंदीबाबत साधा नियम असा, की साफ केलेल्या रस्त्यांसाठी कारखान्याने मान्य केलेल्या मापांपैकी अरुंद माप घ्यावे. तेच वजन कमी रुंदीवर आले की टायर हिमाचा किंवा रेंद्याचा थर कापून खालच्या घट्ट पृष्ठभागाला भिडतो. रुंद टायर थरावर तरंगतो. जिथे रस्ताच नसतो तिथे मात्र तरंगण्याचाच फायदा घेतात. आइसलंडच्या हिमनद्यांवर फिरणारे ट्रक ३८ इंच किंवा त्याहून मोठे टायर लावतात आणि हवा तीन-चार पीएसआयपर्यंत उतरवतात. टायर पसरतो आणि गाडी हिमात बुडत नाही. हा उपाय तिथल्याच वाटेसाठी आहे. इतक्या कमी हवेवर महामार्गावर धावल्यास टायर तापून फाटतो.

खिळे

ओल्या बर्फावर सर्वांत चांगली पकड खिळ्यांच्या टायरची. प्रत्येक खिळ्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची अतिकठीण सुई असते. ती रबराबाहेर सुमारे एक मिलिमीटर येते आणि बर्फात रुतते. शून्याजवळच्या निसरड्या बर्फावर, जिथे मऊ रबरही हतबल होते, तिथे खिळा सर्वाधिक कामाचा ठरतो. कडाक्याच्या थंडीत बर्फ कठीण होतो, सुई कमी रुतते आणि फरक कमी होतो.

डांबर किंवा काँक्रीट उघडे असेल तर खिळे अडचण करतात. पकड घटते, आवाज वाढतो आणि रस्ता खरवडला जातो. जपानच्या सेंडाईसारख्या शहरांत १९८०च्या दशकात खिळ्यांनी उडवलेल्या धुळीचा त्रास इतका वाढला, की १९९० मध्ये देशाने खिळ्यांच्या टायरविरुद्ध कायदा केला. त्यातूनच तिथे बिनखिळ्यांच्या मऊ टायरचे तंत्र वेगाने पुढे गेले. जर्मनीत १९७५ पासून खिळ्यांवर बंदी आहे. स्टॉकहोममधल्या हॉर्न्सगातान रस्त्यावर २०१० पासून असे टायर लावलेल्या गाड्यांना मज्जाव आहे. कॅनडातल्या उत्तर ऑन्टारियोत ते चालतात, दक्षिण ऑन्टारियोतल्या रहिवाशांना नाहीत. प्रवास जिथून जिथे, त्या सगळ्या वाटेचे नियम पाहिल्याखेरीज खिळे घेऊ नयेत.

खिळे योग्य ठरतात ते ग्रामीण, मीठ न टाकलेल्या, दिवसा वितळून रात्री गोठणाऱ्या चढउतारांवर. शहरात आणि मीठ टाकलेल्या महामार्गांवर चिरांचा मऊ टायर बरा. खिळे निवडले तर चारही चाकांना निवडावे लागतात. फक्त मागे लावले तर गाडी निघते झकास, पण पुढची चाके वळत नाहीत आणि थांबतही नाहीत.

पिकअप ट्रक

रिकाम्या पिकअपचे वजन बहुतांश इंजिनाकडे, पुढे असते. मागच्या आसावर एकूण वजनाच्या सुमारे ४० टक्के आले आणि फक्त मागचीच चाके ओढत असली, तर ६ टक्के चढ चढायला किमान ०.१५ घर्षणांक लागतो. बर्फावर तो मिळत नाही. चारही चाके ओढणारी असली तर तोच चढ ०.०६ वर जमतो. म्हणूनच चारचाकी ओढीचा ट्रक सहज निघतो आणि चालकाला रस्ता बरा आहे असे वाटू लागते. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांवरच असतात. थांबताना त्या ओढीचा काही उपयोग नाही. तिथे फक्त टायर कामाला येतो.

हौद्यात मागच्या आसावर वाळूची पोती ठेवणे हा जुना आणि खरा उपाय आहे, पण ती बांधलेली हवीत. आदळल्यावर सुटे पोते पुढे झेपावते. चारचाकी ओढीच्या गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवावेत. व्यासात फरक असेल तर आसांमधल्या गिअरवर सतत ताण येतो आणि तो खराब होतो. मागे जोडचाके असतील तर जोडीतले दोन्ही टायर जुळते लागतात; मोठा टायर जास्त भार घेतो आणि आधी फुटतो.

मोठे मालवाहू ट्रक

अनेक आसांच्या ट्रकला एकच टायर सगळीकडे चालत नाही, कारण प्रत्येक आसाचे काम वेगळे आहे. पुढचा आस दिशा देतो. त्याला लांब, सलग पट्ट्यांचा रिब टायर लागतो आणि हिवाळ्यासाठी त्याच पट्ट्यांवर दाट चिरा. ओढणाऱ्या आसांना खोल ठोकळ्यांचा लग टायर लागतो. ट्रेलरचे टायर फक्त वाहतात, त्यामुळे मालक तिथे काटकसर करतात. ब्रेक लावल्यावर ट्रेलरची चाके घसरली, की ट्रेलर मागून ढकलत आडवा होतो आणि समोरून येणाऱ्याची वाट अडवतो.

कायद्यांचा प्रवास याच दिशेने झाला आहे. जर्मनीत आधी फक्त ओढणाऱ्या आसांवर हिवाळी टायरची सक्ती होती. १ जुलै २०२० पासून ती पुढच्या, दिशा देणाऱ्या आसांनाही लागू झाली. नॉर्वेत साडेतीन टनांवरील वाहनांना १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात सर्व आसांवर हिवाळी टायर लावावे लागतात आणि खाच किमान ५ मिलिमीटर ठेवावी लागते.

चढावरचे गणित पाहिले की टायरच्या जोडीला साखळ्या का लागतात, ते कळते. युरोपात ४० टनांच्या जोडट्रकला बहुधा एकच ओढणारा आस असतो आणि त्यावर जास्तीत जास्त साडेअकरा टन येतात. ६ टक्के चढावर त्याला किमान ०.२१ घर्षणांक हवा. उत्तर अमेरिकेतल्या ३६ टनांच्या ट्रकला दोन ओढणारे आस असतात आणि त्यांवर मिळून सुमारे १५ टन येतात, त्याचे ०.१४ वर भागते. घट्ट हिमावर उत्तम टायर हे कसेबसे देतो. बर्फावर कोणताही टायर देत नाही.

म्हणून अमेरिकेतल्या कोलोरॅडोत आय-७० महामार्गाच्या डॉटसेरो ते मॉरिसन या पहाडी टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे दरम्यान मालट्रकजवळ साखळ्या असाव्याच लागतात. ब्रिटिश कोलंबियातही ११,७९४ किलो किंवा त्याहून जड व्यापारी वाहनांना हिवाळ्यात डोंगराळ महामार्गांवर साखळ्या जवळ ठेवाव्या लागतात. टायर घेताना साखळीसाठी चाकाच्या आतल्या बाजूला पुरेशी जागा उरते का, हे मोजून पाहावे. साखळी लावल्यावर वेग ताशी ५० किलोमीटरच्या आत ठेवतात. बस आणि अग्निशमन गाड्यांवर आपोआप पडणाऱ्या साखळ्याही असतात: चालकाने बटण दाबले की एक छोटे चाक टायरला आतून टेकते, त्याच्यासोबत गरगर फिरते आणि साखळीचे तुकडे टायरखाली फेकते. पातळ हिमात हे साधन चोख चालते, खोल हिमात नाही.

हिमालयातली स्थिती वेगळी आहे. भारतातल्या ट्रकचे टायर उन्हात भाजणाऱ्या डांबराच्या हिशेबाने बनतात. त्यांचे रबर झोजी ला किंवा लाहौलच्या थंडीत ताठ होते, आणि जड ट्रकसाठी खरे हिवाळी टायर देशात सहज मिळत नाहीत. त्यामुळे तिथे भिस्त साखळ्यांवर असते. मनालीपलीकडचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला आणि तिथल्या खिंडीवरून जाणे टळले. पण बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी हिम पडतेच. अशा दिवशी पोलीस चारचाकी ओढीच्या किंवा साखळ्या लावलेल्या वाहनांनाच पुढे सोडतात. महाराष्ट्रातून तिकडे माल नेणाऱ्या चालकाने आपल्या टायरच्या मापाच्या साखळ्या निघण्यापूर्वीच घ्याव्यात आणि कोरड्या जागी एकदा लावून पाहाव्यात.

हवा, खाच, वय

थंडीत हवा आकुंचन पावते, आणि भरलेली हवा जितकी जास्त तितकी घटही मोठी. २० अंशांना ३५ पीएसआय भरलेला टायर उणे २० अंशांना सुमारे २८ वर येतो. ट्रकचा ८० पीएसआयचा टायर ६७ वर येतो, म्हणजे भारक्षमतेचा चांगलाच हिस्सा गमावतो. म्हणून हवा गाडी धावण्यापूर्वी, थंड टायरवर, उघड्यावर तपासावी. उबदार गॅरेजमध्ये भरलेली हवा बाहेर पडताच उतरते. पकड वाढावी म्हणून साफ रस्त्यावर हवा मुद्दाम कमी ठेवू नये.

बहुतेक देशांत मोटारीच्या आणि हलक्या ट्रकच्या टायरची कायदेशीर किमान खाच १.६ मिलिमीटर असते, पण हिमासाठी ती निरुपयोगी आहे. ऑस्ट्रियात या वर्गातला ४ मिलिमीटरपेक्षा कमी खाच उरलेला रेडियल टायर हिवाळी टायर मानलाच जात नाही. हिवाळा सुरू होताना खाच ५ मिलिमीटरच्या खाली असेल, तर मोसम संपेपर्यंत तो टायर टिकणार नाही असे धरून चालावे. टायरच्या बाजूवरील चार अंकांत त्याचे वय असते: ३७२३ म्हणजे २०२३ सालचा ३७वा आठवडा. रबर पडून राहिले तरी कडक होत जाते. सवलतीत मिळणारा पाच-सहा वर्षांपूर्वीचा ‘नवा’ टायर म्हणून महागच पडतो.

हिवाळी टायर वेगळ्या रिमवर बसवून ठेवले तर दर मोसमात टायर रिमवरून उतरवण्याचे हाल वाचतात. चाके बदलल्यावर ८०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. नवे खिळ्यांचे टायर पहिले काही शे किलोमीटर सावकाश चालवले की खिळे रबरात घट्ट बसतात. उतरवलेले टायर धुऊन, कोरडे करून, उन्हापासून आणि तेलापासून दूर, थंड अंधाऱ्या जागी ठेवावेत.

निवडीचा क्रम

निवड पुढच्या क्रमाने केली तर चूक होत नाही. आधी गाडीच्या पट्टीवरून भार आणि माप ठरवावे आणि कमी भारांकाचे सगळे टायर वगळावेत. मग वाटेवरचे कायदे पाहावेत: कोणती खूण, किती खाच, खिळ्यांना परवानगी आहे की नाही, साखळ्या लागतात का. त्यानंतर रोजचा रस्ता पाहावा. मीठ टाकलेला महामार्ग असेल तर मऊ रबराचा, दाट चिरांचा टायर. गोठण-वितळण होणारी गावाकडची वाट असेल तर खिळे. खोल, साफ न होणारे हिम असेल तर मोठ्या खाचांचा टायर, पण त्यावर चिरा आणि डोंगर-हिमकणाची खूण असलीच पाहिजे. उरलेल्या टायरमध्ये तुलना करताना बर्फावर थांबण्याचे अंतर हा निकष सर्वांत वर ठेवावा आणि किंमत त्यानंतर पाहावी. शेवटी सर्व चाकांना एकसारखे टायर घ्यावेत, जड ट्रक असेल तर प्रत्येक आसाला त्याच्या कामाचा; आणि तापमान ७ अंशांच्या खाली रेंगाळू लागले की, पहिल्या हिमवृष्टीची वाट न पाहता, ते बसवून घ्यावेत.